आटे गेले म्हणजे यंत्र गेले नव्हे

जिल्हा बैठकीत भावाची चर्चा होते, वीजबिलाची होते, कर्जाची होते. ती व्हायलाच हवी. पण बोल्टच्या भोकाची चर्चा कधी झाल्याचे आम्हाला आठवत नाही. विषयच तसा क्षुल्लक. बोटभर रुंदीचे एक भोक, त्यात थोडा गंज, चार-दोन घासलेले आटे. त्यावर बोलायचे काय आणि लिहायचे काय? आम्हीही असेच म्हणत होतो. एका जून महिन्याने आम्हाला शहाणे केले. ते शहाणपण फुकट मिळालेले नाही, म्हणून सगळ्यांपुढे ठेवतो आहोत.

झाले ते असे. आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगला टॉपलिंकचा ब्रॅकेट चार बोल्टांवर बसतो. त्यातला एक बोल्ट आदल्या वर्षी वाटेत कुठेतरी गळून पडला. घरी बोल्टांचा डबा असतोच. त्यातून दिसायला सारखा एक बोल्ट काढला आणि लावला. दोन वेढे हाताने गेला, पुढे जाईना. मग पाना लावला. पाना पुरेना, मग पान्याला पाईप घातला. बोल्ट कण्हत कुथत आत गेला, आणि आम्ही हात झटकले. पुढे वर्षभर पाणी, चिखल आणि शेण त्या भोकाने खाल्ले.

मृगाचा पाऊस चांगला झाला. वापसा आला. पेरणी यंत्र जोडले, दोन एकर झाले आणि ब्रॅकेट हलायला लागला. तो बोल्ट आतल्या आत तुटला होता आणि शेजारच्या बोल्टाचेही आटे गेले होते. तालुक्याचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. त्याने भोकात बोट घालून पाहिले आणि सांगितले, "हाऊसिंगच बदलावे लागेल." घाई होती म्हणून ब्रॅकेट वेल्डिंगने चिकटवून घेतला. बिडावरचे ते वेल्डिंग संध्याकाळपर्यंत तडकले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस लागला आणि वापसा गेला. काळ्या रानात एकदा वापसा गेला की पुढचा कधी येईल हे कोणाच्या हातात नसते. राहिलेले चार एकर आम्ही बारा दिवसांनी पेरले. उगवण कशी झाली ते सांगत नाही. ज्यांनी मागास पेरले आहे त्यांना ते सांगावे लागत नाही.

शेवटी बाजारपेठेतला एक म्हातारा लेथवाला रानात आला. एक ड्रिल, एक टॅप आणि कापा पाडलेला एक साधा बोल्ट, एवढेच त्याच्या पिशवीत होते. दुपारपर्यंत दोन्ही भोके त्याने नवी केली. त्याने घेतलेले पैसे आदल्या दिवशी वाया गेलेल्या वेल्डिंगपेक्षा कमी होते. जाताना एवढेच म्हणाला, "भोक खराब नव्हतं. तुम्ही चुकीचा बोल्ट घातला."

सूत आणि मिलिमीटर

चुकीचा म्हणजे काय? भोक सोळा मिलिमीटरचे होते. बोल्ट पाच सुती होता. पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. फरक एक अष्टमांश मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला कळत नाही. पण आट्यांचे अंतर पाहा. सोळाच्या जाड आट्याच्या बोल्टात एका आट्यापासून दुसरा आटा २ मिलिमीटरवर असतो. पाच सुतीत एका इंचात अकरा आटे असतात, म्हणजे अंतर २.३ मिलिमीटर. दोन वेढ्यांपर्यंत हे निभते. पाचव्या वेढ्याला दीड मिलिमीटरचा फरक पडतो आणि बोल्टाचा आटा भोकाच्या आट्यावर चढून बसतो. त्यानंतर पान्याला लावलेला पाईप म्हणजे आपणच आपल्या यंत्रावर घातलेला घण.

अडीच सुती आणि आठ मिलिमीटर यांचीही हीच गोष्ट. ७.९४ आणि ८. दिसायला जुळे भाऊ, पण एकाचे आटे १.४१ मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचे १.२५ वर. इंचीतही पुन्हा दोन घराणी आहेत. व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडात जे आटे ठरवून दिले त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकन इंची आटे ६० अंशांचे. चार सुती बोल्ट व्हिटवर्थचा असेल तर इंचात बारा आटे, अमेरिकन जाड आट्याचा असेल तर तेरा.

देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली. पण आपल्या शिवारात यंत्रे कायद्याच्या तारखेप्रमाणे येत नाहीत. ब्रिटिश-अमेरिकन बनावटीवरून आलेले जुने ट्रॅक्टर आणि इंजिने इंची आट्यांची, चेक किंवा जपानी वळणाची यंत्रे मेट्रिक, आणि गावच्या लोहाराने केलेल्या अवजारात डब्यात सापडेल तो बोल्ट. एका शेतकऱ्याच्या एकाच गोठ्यात तीन देशांचे आटे नांदतात आणि त्या सगळ्यांचे बोल्ट एकाच डब्यात पडलेले असतात. आट्यांचा निम्मा सत्यानाश त्या डब्यातून सुरू होतो.

म्हणून पहिली गोष्ट फुकटची आहे. डबे वेगळे करा. एक सुताचा, एक मिलिमीटरचा. पिच गेज नावाची पात्यांची छोटी जुडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती घ्या. ती नसेल तर ज्याचे माप माहीत आहे असा बोल्ट संशयित बोल्टाला आडवा लावा आणि उजेडाकडे धरा. आट्यात आटा पूर्ण लांबीभर बसला तरच तो एकाच घराण्यातला. आणि नियम एकच ठेवा: बोल्ट आधी बोटांनी चार-पाच वेढे गेलाच पाहिजे. बोटांनी जात नसेल तर पान्याने जाऊ देऊ नये.

गंज जोरापेक्षा वेळेला भितो

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बोल्ट आवळतो. खत पेरायच्या यंत्राला हा रोग सर्वांत लवकर लागतो, कारण खताचे क्षार हवेतले पाणी ओढून धरतात. हंगाम संपल्यावर पेटी न धुता यंत्र कडेला लावणारा शेतकरी पुढच्या जूनचे भांडण आदल्या ऑगस्टमध्येच ठरवून ठेवतो.

असा बोल्ट काढायचा तर घाई नको. तारेच्या ब्रशाने वरची घाण काढावी. गंज सोडवणारे पातळ तेल आट्याच्या तोंडाशी सोडावे. ते नसेल तर डिझेल चालते, मात्र जास्त वेळ लागतो. रात्रभर मुरू द्यावे. सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, त्याने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत उतरते. मग आधी बोल्ट किंचित आवळून पाहावा आणि नंतर सोडावा. थोडा सुटला की पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एका दमात काढू पाहणाऱ्याच्या हातात बोल्टाचे डोके येते, बोल्ट येत नाही. शेक द्यायचा तर भोकाच्या बाजूच्या धातूला द्यावा, म्हणजे भोक फुलते. डिझेलची नळी, ऑइल सील, बेअरिंग, रबर जवळ असेल तेथे आग नेऊ नये. आणि आताच तेल टाकलेल्या जागी तर मुळीच नाही.

बोल्ट तुटलाच आणि थोडा बाहेर राहिला असेल, तर त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करतात. शेकही बसतो, पकडही मिळते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढाव्यात. पूर्ण आत तुटला असेल तर कानशीने तोंड सपाट करावे, बरोबर मध्यावर पंच मारावा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करावी. मध्य चुकला की ड्रिल आट्यात शिरते आणि मग भोकच गेले. हे काम ज्याचा हात बसला आहे त्यानेच करावे. उलटा आटा असलेला इझी-आउट मिळतो, पण तो कडक असतो. आत मोडला तर साधे ड्रिल त्याला लागत नाही आणि पहिल्यापेक्षा मोठे दुखणे होऊन बसते.

भोक साफ करण्याची रीत

आता मुख्य गोष्ट. बोल्ट निघाला, भोकात गंज आहे, तोंडाचे आटे दबले आहेत. बहुतेक वेळा धातू गेलेला नसतो, फक्त वाकलेला आणि माखलेला असतो. अशा भोकाला नवीन आटे पाडायची गरज नसते. जुनेच आटे झाडून सरळ करायचे असतात.

यासाठी म्हाताऱ्याच्या पिशवीतले अवजार आठवा. त्याच मापाचा, चांगल्या प्रतीचा, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला नवा बोल्ट घ्या. त्याच्या आट्यांना आडव्या जातील अशा, लांबीच्या दिशेने तीन कापा हेक्सॉने पाडा. टोक कानशीने थोडे निमुळते करा आणि कापांच्या कडांची कूस साफ करा. झाले अवजार. भोक आधी ब्रशाने आणि हवेने साफ करा. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. भोकात थेंबभर तेल टाका. बोल्ट आधी उलटा फिरवा. आट्याचे तोंड आले की तो किंचित खाली बसल्याचे हाताला कळते. तेथून सरळ फिरवा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. कापांत गंजाचा भुगा जमेल. बाहेर काढा, पुसा, पुन्हा घाला. सरळ बोल्ट बोटांनी तळापर्यंत जाऊ लागला की काम संपले.

टॅप हे याहून धारदार शस्त्र आहे. तो झाडत नाही, कापतो. आटे खरोखर वेडेवाकडे झाले असतील तरच तो घालावा. हाताचे टॅप तीनच्या संचात मिळतात. पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा तळापर्यंत जाणारा. सुरुवात पहिल्याने आणि गुण्यात धरून. टॅप तिरका धरला तर जुन्या आट्यांवर नवे आटे चढतात आणि भोकात काहीच धरत नाही. पोलादाला तेल लागते. बीड कोरडे कापले तरी चालते. ॲल्युमिनियमला डिझेल किंवा रॉकेल बरे. टॅप अडला तर जोर करू नये, मागे घ्यावा. टॅप भोकात मोडणे म्हणजे काय, हे ज्याचा मोडला आहे त्याला विचारा.

एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. ज्या भोकाचा तळ बंद आहे त्यात तेल, पाणी किंवा कचरा शिल्लक ठेवून बोल्ट आवळला, तर तेलाला जायला वाट राहत नाही. बोल्ट दट्ट्यासारखा ते दाबतो आणि बिडाचा ब्लॉक आतून तडकू शकतो. म्हणून भोक साफ करून झाल्यावर कापडाने आणि हवेने कोरडे करणे हा कामाचा शेवटचा भाग नव्हे, अर्धा भाग आहे.

आणि आटे पुरतेच गेले असतील तर? तरीही हाऊसिंग भंगारात घालायचे कारण नाही. जागा असेल तर एक माप मोठे भोक करून मोठा बोल्ट घालता येतो. ड्रिलचा हिशेब सोपा आहे: बोल्टाच्या मापातून आट्यांचे अंतर वजा करा. दहाच्या बोल्टाला दीडचा आटा, म्हणून साडेआठचे ड्रिल. सोळाला दोनचा, म्हणून चौदाचे. माप तेच ठेवायचे असेल तर भोक मोठे करून त्यात स्टेनलेस तारेचे वेटोळे बसवतात, त्याला मिस्त्री हेलिकॉइल म्हणतात. त्याचा टॅप वेगळा असतो. ॲल्युमिनियमच्या भागात तर हे वेटोळे बसवल्यावर भोक पहिल्यापेक्षा टिकाऊ होते. नाहीतर लेथवर आटे पाडलेला बुश करून घ्यावा. सारे उपाय संपल्यावर हाऊसिंग बदलण्याचे बोलावे. आमच्या मिस्त्रीने तेथूनच सुरुवात केली होती.

"आम्ही शेती करायची की मिस्त्रीपणा?"

हा प्रश्न आम्हाला दोन बैठकांत विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. प्रत्येकाने लेथ घालावे असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हाताला ज्याची सवय त्याने ते करावे. लेथवाल्याचे पोट मारायचा तर विचारही नको. त्याच्यासारखी माणसे कमी होत चालली हेच खरे दुःख आहे. पण बैलाच्या खुरात खडा गेला तर आपण जनावरांच्या डॉक्टरची वाट पाहत नव्हतो. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि खडा काढण्याची ती अक्कलही बैलांबरोबर विकून टाकली, असे व्हायला नको.

दुसरा आक्षेप असा की दोष आपल्यावर कशाला घेता? कंपन्यांचा आहे, सरकारचा आहे. त्यांचाही आहे, तो पुढे सांगतोच. पण चुकीचा बोल्ट आम्हीच घातला. पाईप आम्हीच लावला. हंगाम संपल्यावर ग्रीसचे बोट आम्हीच फिरवले नाही. जो आपला वाटा मान्य करतो त्यालाच दुसऱ्याकडे त्याचा वाटा मागण्याचा अधिकार असतो.

आता दुसऱ्यांचा वाटा

केंद्र सरकारने २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाचे उपअभियान चालवले. अनुदानावर यंत्रे आली, भाड्याने यंत्रे देणारी अवजार केंद्रे उभी राहिली. यंत्र गावात येण्यासाठी पैसा आहे. ते दहा वर्षे चालावे यासाठी काय आहे? ज्या केंद्रात अनुदानाची यंत्रे उभी आहेत तेथे टॅपचा एक संच आणि तो धरणारा एक शिकलेला हात असायला हवा. यंत्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च कोणाच्या डोळ्यांतही भरणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायर व सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. चांगले झाले. पण स्वस्त झालेला सुटा भागसुद्धा, जो बदलावाच लागत नाही त्याच्यापेक्षा महागच.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांचा विचार करायचे ठरले त्यात शेती अवजारे आहेत. २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने एप्रिल २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागूही केला. माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि अवजारे शेतकऱ्याला व त्याच्या मिस्त्रीला मिळालीच पाहिजेत, असे तो कायदा सांगतो. हजारो एकरांच्या शेतकऱ्याला जो हक्क मागावा लागला, तो पाच एकरवाल्याने का मागू नये?

आणि कंपनीही कायमची नसते. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला. ते ट्रॅक्टर अजूनही रानात चालतात. कारखाना मिटला तरी भोके राहतात आणि त्यांत बोल्ट घालावेच लागतात.

बैठकीपुढे ठेवायच्या गोष्टी

आमच्या सूचना चारच आहेत. यावर बैठकीत बोलावे, पटेल ते ठरावात घ्यावे.

एक, प्रत्येक मोठ्या गावात आठ, दहा, बारा आणि सोळा मिलिमीटरचे आणि अडीच, तीन, चार व पाच सुतीचे टॅप, एक पिच गेज आणि हँडल, एवढा संच वर्गणीतून घ्यावा. तो कोणाच्या घरी राहील हे ठरवावे आणि नेणाऱ्याची नोंद वहीत व्हावी.

दोन, उन्हाळ्यात एक दिवसाचे शिबिर घ्यावे. शिकवायला जवळच्या आयटीआयचा निदेशक किंवा जुना लेथवाला बोलवावा आणि त्याला त्याचे मानधन द्यावे. फुकट शिकवणाऱ्याकडून फुकटच शिकले जाते. बायाबापड्यांना वगळू नये. फवारा पंपाचे आणि मळणीयंत्राचे बोल्ट कोठे ढिले होतात हे त्यांनाही आपल्याइतकेच ठाऊक असते.

तीन, यंत्र विकणाऱ्याने मराठीत पुस्तिका द्यावी आणि तीत प्रत्येक बोल्टाचे माप, आट्याचा प्रकार आणि किती आवळायचा हे लिहावे. हेडसारख्या बोल्टांना हे फार महत्त्वाचे, कारण तेल लावलेला बोल्ट तेवढ्याच जोराने जास्त ताणला जातो. पुस्तिकेत कोरडा म्हटले असेल तर कोरडा, तेल म्हटले असेल तर तेल.

चार, दुरुस्तीच्या हक्काचा कायदा व्हावा आणि शेती अवजारे त्यात पहिल्या दिवसापासून असावीत.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागेल. पहिल्या दोन येत्या पंधरवड्यात होण्यासारख्या आहेत. आणि त्याआधी घरी जाऊन करायची एक गोष्ट आहे, तिला ठरावही लागत नाही. कडेला लावलेल्या यंत्राचे बोल्ट एकदा सोडून पाहा. सुटले तर ग्रीसचे बोट फिरवून परत लावा. सुटले नाहीत तर तेल टाका आणि रात्रभर मुरू द्या. आज तुमच्याकडे रात्र आहे. वापसा आल्यावर ती नसते.